वायफायच्या यादीतली माय

अशा गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. गावात कुणाला चिंचेखाली काही दिसलं, की ‘रात्री जेवला काय होतास?’ असं विचारणारा मीच. वय पन्नास, जानेफळला (ता. मेहकर) खत-बियाण्यांचं दुकान आहे. जे झालं ते झालं तसं लिहितोय... त्यातला माझा दोषही. कारण तो वगळला तर सांगायला फार काही उरत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी नवा स्मार्टफोन घेतला. मेहकरच्या दुकानदाराने जुन्या फोनमधले नंबर, फोटो, सगळं नव्यात टाकून दिलं. दिवसभर फोन उत्तम चालायचा. पण घरी संध्याकाळचे सात वाजले की वायफाय तुटायचं — फक्त माझ्या फोनचं. बायकोची मालिका चालू, मुलीचा लॅपटॉप चालू, आणि माझ्या फोनवर नुसतं ‘कनेक्ट होत आहे...’. पावणेआठच्या सुमाराला आपोआप सुरू.

मी सगळे उपाय केले. नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाकला. राऊटर बंद करून ठेवला. अपडेट घेतलं, नेटवर्क सेटिंग रिसेट केलं, कुणीतरी म्हणालं म्हणून फोनचं कव्हरसुद्धा काढलं. सात वाजले की पुन्हा तेच.

शेवटी शकीलला बोलावलं. गावातलं केबल आणि वायफाय त्याच्याकडे आहे, आणि शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो साडेसहालाच आला.

“काऊन बे, एवढा भारी फोन घेतला अन् माह्या वायफायले नावं ठेवून राह्यला?”

“तू बस. सात वाजू दे.”

“सातले काय होते? तुहा फोन संध्या करते काय?”

सात वाजले. माझ्या फोनचं वायफाय तुटलं. शकीलने त्याच्या मोबाइलवर आमच्या राऊटरचं पान उघडलं. घरातल्या कोणत्या वस्तू वायफायवर आहेत, त्याची यादी तिथे दिसते. तो मोठ्याने वाचू लागला.

“वहिनीचा फोन. पोरीचा लॅपटॉप. टीव्ही. हा माहा. अन् हे... ‘माय’. हे कोणाचं व्हय?”

 बायको म्हणाली, “सासूबाईचा फोन. पण तो तर...”

‘माय’ हे नाव मीच त्या फोनला दिलं होतं. आणि माय जाऊन दोन वर्षं झाली होती.

तो फोन कपाटात, पत्र्याच्या डब्यात होता. तिच्यामागे त्याची बॅटरी फुगली, म्हणून मीच ती काढून टाकली होती. मी डबा उघडला. फोन तसाच होता — पाठ उघडी, बॅटरीची जागा रिकामी. शकीलने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत डब्यात ठेवला. त्याच्या मोबाइलवर ‘माय’ अजून जोडलेलीच होती.

“शेजाऱ्याच्या फोनचं नाव असंन,” तो म्हणाला. “तुह्या नव्या फोनले अन् याले राऊटरनं एकच पत्ता देल्ला. दोघं एका खुर्चीवर. हा बसला की तुहा उठते.”

त्याने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. आम्हाला कुणालाच सांगितला नाही. “उद्या सातले येतो. तवापर्यंत सारे उपाशी राहा,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सातला यादीत दोनच नावं होती. एक शकीलचा फोन. दुसरं, ‘माय’.

शकीलचा चेहरा उतरला. “पासवर्ड मी माह्या बायकोलेबी नाही सांगतला.” मग म्हणाला, “ब्लॉक करू? एका बोटाचं काम हाय.”

“नको,” मी म्हणालो.

“काऊन?”

तेव्हा मी पहिल्यांदा बोललो. बायकोलाही ते तेव्हाच कळलं.

मायला एकच बहीण, माझी सुलतानपूरची मावशी. लग्नानंतर तापात मावशीचं ऐकू येणं गेलं. बोलायची, पण ऐकू काही यायचं नाही. मग दोघी बहिणी हातांनी बोलायला शिकल्या. मी लहान असताना मावशी आमच्याकडे यायची तेव्हा दोघी ओट्यावर बसून तासन् तास हात हलवायच्या. मिशीला पीळ दिला की आमचे आजोबा. नाकावर बोट ठेवलं की शेजारची काकू. मग दोघी इतक्या हसायच्या की ती काकू भिंतीवरून डोकवायची, आणि त्या आणखी हसायच्या. त्यांच्या हातांकडे बघत मी कितीदा तिथेच झोपलो असेन.

पुढे वयामुळे येणं-जाणं थांबलं. मी माझा एक जुना फोन मायला दिला. त्यात सिम नव्हतं, घरच्या वायफायवरच चालायचा. रोज सातला ती पिठाच्या डब्याला फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे मावशी सुनेचा फोन घेऊन बसायची. जेवायला काय केलं, कोण मेलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले... सगळं हातांनी. मोठमोठ्याने हसणं तेवढं ऐकू यायचं.

मुलीचं बारावीचं वर्ष होतं. सातला तिचा ऑनलाइन क्लास असायचा आणि तो अडकायचा. मायला ‘थोडे दिवस थांब’ म्हटलं असतं तर ती नक्की थांबली असती. पण तिची तक्रार, तिचा पडलेला चेहरा मला नको होता. मी पासवर्ड बदलला, सगळ्यांना दिला, तिला दिला नाही. म्हणालो, “वायफाय बिघडलं माय. शकील येईन दुरुस्त कराले.”

ती रोज विचारायची, “आला का रे शकील?” मी म्हणायचो, “उद्या.” काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. परीक्षा संपली. माझ्या लक्षातही राहिलं नाही. चैत्रात आठ दिवसांच्या आजारपणात माय गेली.

शकीलने मोबाइल खिशात ठेवला.

“तवा माय मले बाजारात भेटली होती,” तो म्हणाला. “म्हणे, बाबू, फुरसत भेटली की घरी येऊन जाय. मी समजलो, चहाले बोलावून राह्यली.”

तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढून सुलतानपूरला गेलो. मावशी ओसरीत भाजी निवडत होती. मायच्या दिवसांना ती आली होती, पण लांब बसून, न जेवता निघून गेली होती. म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं होतं.

तिच्यासमोर बसलो. लहानपणी पाहिलेलं जेवढं आठवत होतं तेवढ्यावर सांगायला लागलो. फोन. माय. मग कुलपात किल्ली फिरवल्यासारखा हात... आणि बोट माझ्या स्वतःच्या छातीवर. तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिचे हात थांबले.

“म्हणजे ते रागावली नव्हती?”

मी ‘नाही’ म्हणून मान हलवली.

“मी तिले तिच्या पाटल्यांवरून चिडवलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. म्हटलं, एवढी रागावते तर राह्य. मीबी अडून बसली. आजारी हाय असा निरोप आला... तरी नाही गेली मी.”

मग ती एकदम आत तोंड करून ओरडली, “ऐकलं का वं सूनबाई! बहीण रागावली नव्हती माह्यावर! या भाड्यानं कुलूप लावलं होतं!” ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

मी तिच्या पायावर हात ठेवायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

“मले नको मागू माफी. मी नाही देत,” ती म्हणाली. “हात धू. जेवाले बस. बेसन-भाकर हाय.”

मी जेवलो. तिने दोनदा वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी शकीलने येऊन नवा पासवर्ड आम्हाला दिला. सातला माझ्या फोनचं वायफाय तुटलं नाही. यादीत ‘माय’ नव्हती. त्यानंतर ती कधीच आली नाही. राऊटरमध्ये जुना पत्ता अडकला असेल, पासवर्ड बदलल्यावर उशिरा निघाला असेल, असं शकील म्हणतो. म्हणताना माझ्याकडे बघत नाही. बॅटरी नसलेल्या फोनला एकट्या शकीलला ठाऊक असलेला पासवर्ड कसा कळला, हे ना त्याला सांगता येतं, ना मला.

आता रोज सातला मी मावशीला व्हिडिओ कॉल लावतो. सून फोन तिच्यासमोर टेकवून देते. मावशी बोलत नाही, माझ्यासाठी एक बोटही हलवत नाही. भाजी निवडत राहते, वाती वळत राहते. मी तिच्या हातांकडे बघत बसतो. फोन तिने अजून एकदाही ठेवलेला नाही. मीच कधीतरी ठेवतो.