माथेरानच्या गाडीचे गुणाजी

वडिलांनी ज्या रुळांखाली खडी अंथरली, त्याच रुळांवरून गुणाजी सावंतांनी तीस वर्षं नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढवली. वाफेची इंजिनं बंद झाली, तसे ते निवृत्त होऊन मुलुंडला लेकीकडे, सुलक्षणाकडे, राहायला आले. दुपारी गॅलरीतून डोंगराकडे बघता बघता त्यांचे डोळे मिटायचे आणि ओठ घाटातल्या स्टेशनांची नावं पुटपुटायचे, "जुम्मापट्टी... वॉटर पाईप..."

एका रविवारी सुलक्षणाने त्यांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या छोट्या गाडीत बसवलं. वळण आलं तसे ते सावकाश आतल्या बाजूला कलले.

"बाबा, चक्कर येतेय का?"

"नाही गं. खाली दरी आहे ना, धुकंही उतरलंय. हळू घ्यायची."

बाहेर ऊन होतं, सपाटीवर गवत डुलत होतं. सुलक्षणाने त्यांचा हात धरला आणि तीही त्यांच्याबरोबर कलली.