गॅरेजचा कोबा

पायाखालची जमीन राखणं हे माणसाचं आद्य कर्तव्य आहे. माझ्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे एडिनबराबाहेरच्या आमच्या घराच्या गॅरेजमधला कोबा. बायकोने तो नुकताच स्वतः उभं राहून करून घेतला होता आणि त्यावर बूट घालून जायला मनाई होती. मग घरासमोरच्या चढावरचा बर्फ काढायला आम्ही छोटा जुना ट्रॅक्टर घेतला. त्याच्या चाकांना लोखंडी साखळ्या होत्या, आणि त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

साखळ्यांनी कोबा खरवडला जाणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. उपायांवर नव्हतं. शेजारचे शेतकरी आजोबा म्हणाले, गोठ्यात अंथरतात तसलं जाड रबर घाल. दुकानदार म्हणाला, प्लायवूड. दोघांच्याही बोलण्यात इतका आत्मविश्वास होता, की मी पुरता गोंधळलो. शेवटी कुणीही घरी आलं की आपण जे करतो तेच केलं. सतरंजी अंथरली, चौपदरी.

ट्रॅक्टर आत घेताच साखळीने सतरंजी पकडली आणि चाकाभोवती गुंडाळून घेतली.

बायको दारात आली. "अरे, ही आपल्या मराठी मंडळाची सतरंजी आहे!"

"पण कोबा वाचला ना?"

"आधी साखळ्या का नाही काढल्यास?"

त्या काढता येतात, हे मला माहीत नव्हतं. मी कटर घेऊन सतरंजी कापायला बसलो. कोब्यावर आज एकच लांब ओरखडा आहे. तो कटरचा आहे.