बयाक्कांनी केलेली मशिनीची पूजा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. हंबीररावांसारख्या माणसाबरोबर निम्मं आयुष्य काढल्यावर तेवढा हक्क मिळतोच.

फौजेत ते गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. पेन्शन घेऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावात आले, पण बुड काही टेकलं नाही. जेवताना रस्त्यावरनं कुणाचा ट्रॅक्टर गेला की घास हातात धरून कान देणार, “पंप गेलाय त्याचा,” म्हणणार आणि ताटावरनं उठून त्याच्यामागे चालू लागणार. घरातला एक पंखा, एक मोटर यांनी धड राहू दिली नाही. चाललेली वस्तूसुद्धा उघडून बघायची. आणि चूक? ती यांची कधीच नसते. मिक्सर जळला तर चूक विजेची, मोटर जळली तर विहिरीची, आणि दोघांचं नाव घेता येत नसेल तर माझी. “मी फौजेत शिकलोय,” एवढं म्हटलं की विषय संपला.

अंगणापलीकडे पत्र्याच्या खोलीत माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. बयाक्का. मोठे दीर गेले तेव्हा त्यांचं वय काही फार नव्हतं. तेव्हापासून त्यांनी हळदी-कुंकवाला हात लावलेला नाही. कामात माझ्या दुप्पट, पण घरात पूजा असली की मागच्या दारी भांडी घासत बसणार. वटपौर्णिमेला तर मुद्दाम खुरपं घेऊन रानात जातात. मला या गोष्टीचा संताप येतो, आणि संताप येऊनही मी काही करत नाही, याचा त्याहून जास्त येतो.

मध्यंतरी आमच्या ग्रामसभेत विधवांच्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव झाला. पहिला हात हंबीररावांचा वर. टाळ्या झाल्या, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसंच. ही गोष्ट त्यांना टोचत राहिली. बोलले नाहीत, पण दार आपटायचं प्रमाण वाढलं.

मग वैशाखात वळवाचा वारा सुटला आणि दारातल्या चिंचेची एक मोठी फांदी मोडली. पडली असती तर बरं होतं. ती सालीवर लोंबकळत राहिली आणि तिचं टोक बयाक्कांच्या पत्र्यावर टेकलं. रोज संध्याकाळी वारा आला की पत्रा कुरकुरायचा. आमच्यात झोपायला चला म्हटलं तर, “मला काय हुतंय?” लाकूड तोडणारा रोज उद्या येतो म्हणायचा. शेवटी हंबीरराव सांगलीला गेले आणि लाकूड कापायची नवी कोरी चेनसॉ मशीन घेऊन आले.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. ट्रॅक्टर असो, पाण्याची मोटर असो, हळद-कुंकू आणि नारळ लागतोच. मशीन बघायला गल्ली गोळा झाली होती. मी ताट घेऊन बाहेर आले, तर हे म्हणाले, “थांब. पूजा वहिनी करतील.”

शेजारची चंद्राबाई माझ्याकडे बघायला लागली. बयाक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नगा भाऊजी. तुमच्या नव्या वस्तूला माझा हात नगो.”

“वस्तू माझी हाय. कुणाचा हात लावायचा ते मी ठरवणार.”

मी ताट पुढे केलं. बयाक्कांनी ते घेतलं. पाण्यात कुंकू कालवलं, एक बोट टेकवलं, लोकांकडे बघितलं. कुणी अडवलं नाही. मग मात्र त्यांचा हात सुटला. दांड्यावर, पातीच्या बुडाशी, इंजिनवर, टाकीवर, दिसेल त्या उंचवट्यावर हळदीची आणि कुंकवाची बोटं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या मशिनीवर उतरलं. माझे डोळे भरून आले.

नारळ फुटला. तास-दोन तास नुसतं बघणं, हाताळणं झालं. ऊन कलताना हंबीररावांनी दोरी ओढली. मशीन सुरू झाली, भुरभुर चालली. फांदीला पात लावून त्यांनी खटका दाबला आणि मशीन घुरघुरून बंद पडली.

पुन्हा ओढली. पुन्हा भुरभुर, पुन्हा खटका, पुन्हा बंद. नुसती चालू ठेवली तर चालतेय, जोर मागितला की मान टाकतेय.

झालं, पाने आले, स्क्रू-ड्रायव्हर आला. प्लग काढला, पुसला, बसवला. हवेची जाळी झाडली. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. मशीन तशीच. पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागलं होतं आणि पत्र्यानं कुरकुर सुरू केली होती. हे घामाघूम होऊन मशिनीभोवती फिरत होते आणि दुकानदारापासून कंपनीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते.

तेवढ्यात बयाक्का हळूच म्हणाल्या, “मी म्हटलं हुतं भाऊजी.”

“काय म्हटलं हुतं?”

“माझा हात नगो म्हणून.”

आणि चंद्राबाईला तेवढंच पाहिजे होतं. माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, “आवं, मशीन धुवा आन् सुलाकडनं परत पूजा करून घ्या. उगं अपशकुन कशाला?”

“चंद्राबाई, तुझ्या घरातली मोटर महिन्याला जळती,” मी म्हटलं, “तिची पूजा कुणी केलती गं? तूच ना?”

पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बयाक्का हौदावर जाऊन हात धूत होत्या. नुसत्या धूत नव्हत्या, साबण लावून खसाखसा घासत होत्या. मला कळलं, आता मशीन सुरू झाली नाही तर ही बाई परत कधी कुंकवाला बोट लावणार नाही. ठराव होवो नाही तर कायदा होवो.

हंबीररावांनीही ते बघितलं. त्यांनी पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज आला. झाकण लावलं, दोरी ओढली, खटका दाबला, तर मशीन गरजली! लोक ओरडले. जरा वेळानं परत मेली. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा फुस्स, पुन्हा थोडा वेळ चालली, पुन्हा मेली.

मग ते खाली बसले. एका जागी, हात न हलवता. लग्नानंतर असं मी पहिल्यांदा बघितलं. ते झाकणाकडे बघत होते म्हणून मीही वाकून बघितलं. झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक होतं. टाकीत हवा जायला ते असावं लागतं, हवा गेली नाही तर पेट्रोल इंजिनात उतरत नाही. त्या भोकावर बयाक्कांच्या बोटाचं कुंकू बसून कडक वाळलं होतं.

आमची नजरानजर झाली. यांनी खरं सांगितलं तर चंद्राबाई दिवेलागणीपर्यंत गावभर सांगणार होती, बयाबाईच्या कुंकवानंच मशीन बंद पडली. आणि ते खोटंही नव्हतं.

हंबीररावांनी माझ्याकडून पदराची पिन मागून घेतली. लोकांकडे पाठ केली, भोक मोकळं केलं, अंगठ्यानं कुंकू पुसलं आणि अंगठा पँटीला घासला. मग उभे राहिले आणि हौदापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले.

“सापडलं! चूक माझीच हाय. हिच्या पेट्रोलात ऑईल मिसळावं लागतं, ते लय झालं. म्याच मापात घोळ घातला.”

“तुमची चूक?” लोकांतून कुणीतरी म्हणालं.

“व्हय, माझी. फौजेत शिकलेला माणूस बी चुकतो. वहिनी, हिकडं या. तुमच्या म्होरं चालू करतो.”

दोरी ओढली, खटका दाबला. मशीन जी गरजली ती फांदी खाली येईपर्यंत थांबली नाही. बयाक्का ओले हात तसेच धरून अंगणात उभ्या होत्या. पावसाचे टपोरे थेंब आले तरी हलल्या नाहीत.

पँटीवरचा तो लाल डाग मी धुतला. काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. माणूस मात्र होता तसाच राहिला. दुसऱ्याच दिवशी गिरणीचा बेल्ट तुटला तर चूक माझ्या गव्हाची.

पुढे खंडेनवमी आली. अवजारं धुऊन अंगणात मांडली. मी ताट तयार करून ठेवलं आणि मुद्दाम आत गेले. खिडकीतनं बघितलं, तर बयाक्का कुणी न बोलावता आल्या आणि ताट उचललं. खुरपं, कोयता, पाने, सगळ्यांना बोटं लावत मशिनीपाशी पोचल्या. तिथं हंबीरराव आधीच येऊन बसले होते, टाकीच्या झाकणावर तळहात ठेवून.

“भाऊजी, हात काढा की.”

“न्हाई. हातावरच लावा.”

बयाक्कांनी कुंकवात बोट बुडवलं आणि त्यांच्या हातावर ठसठशीत टेकवलं.