पाठीवरचं बोट

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या सेक्शनला बर्फातली एक पोस्ट मिळाली. आठ जवान, एक एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन, समोर दुश्मन. मी हवालदार, सेक्शन कमांडर. एलएमजीवर लान्स नायक सुपडू. दोघंही पारोळा तालुक्यातल्या एकाच गावचे. भरतीआधी सुपडू यावलकडे केळी कापायला जायचा. डोक्यावर घड, खाली चिखलाचा बांध, पण गडी कधी घसरला नाही. विचारलं तर म्हणायचा, "पायले बठ्ठं समजस." पायाला सगळं कळतं.

पोस्टवर रोज सकाळी आठला फूट इन्स्पेक्शन. बूट काढायचे, बोटं दाबून दाखवायची, मग पाय जुळवून, डोळे मिटून तीस आकडे उभं राहायचं. हे आमच्या नर्सिंग असिस्टंटचं डोकं. थंडीनं आधी मुंग्या येतात, मग तळवे आणि घोटे मरतात. तरी माणूस चालतो, हसतो, कारण डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले की पायाखालचं काही कळेनासं होतं आणि तो डुलायला लागतो. डुलला की खाली रवानगी.

चाळिसाव्या दिवशी सुपडूनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, पाय मरी गयात. माले खाले धाडू नको."

खाली म्हणजे हॉस्पिटल, मग कॅटेगरी डाऊन, मग घर. नायकाची फीत महिन्यावर आली होती त्याची.

"तू फक्त मांगे उभा ऱ्हाय," तो म्हणाला.

मी मागे राहिलो. तो कलायला लागला तसं त्याच्या पाठीला एक बोट लावलं. धरलं नाही, ढकललं नाही, नुसतं टेकवलं. पठ्ठ्या खांबासारखा उभा! तीस झाले. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "ओके."

मैत्रीपोटी केलं म्हणालो तर खोटं होईल. एलएमजीवर बसवायला दुसरा तसा माणूस माझ्याकडे नव्हता. नऊ दिवस मी ते बोट लावलं. अक्कल गहाण ठेवली होती मी.

दहाव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला शेलिंग सुरू झालं. पहिल्याच गोळ्यानं रेडिओ ऑपरेटरचा खांदा उडवला. सातला दुश्मन डावीकडून चढताना दिसला.

"सुपडू, एलएमजी डावीकडे!"

"निघनू भाऊ!"

डावीकडच्या मोर्चापर्यंत वीस पावलांची बर्फाची धार, हातभर रुंद, दोन्हीकडे दरी. मी त्याच्या मागे. सातव्या पावलाला धारेखाली गोळा फुटला आणि बर्फाचा भुगा उडाला. सगळं पांढरं. चार हातांवर त्याची आकृती तेवढी दिसत होती. त्याला एक छर्रा लागला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो शहाण्यासारखा थांबला, पाय रोवून. आणि तसाच, सरळच्या सरळ, उजवीकडे कलत गेला. त्याला पत्ताच नव्हता. मी हात लांब केला. पोचला नाही.

एलएमजी त्याच्याबरोबर दरीत गेली. पुढचं काम ग्रेनेडनं केलं, मग बेयोनेटनं, शेवटी रायफलच्या दस्त्यानं. त्यांच्यातल्या एका पोराच्या तोंडावर मी दस्ता घातला, आणि तो हलायचा थांबला तरी घालतच राहिलो. आमचे आणखी दोघं गेले. पोस्ट राहिली. सुपडू चार दिवसांनी सापडला. अकरा तास बर्फात पडून माझेही पाय गेले. कापावे लागले नाहीत, पण घोट्याखाली आजही काही कळत नाही.

सुपडूच्या आईला गाव अक्का म्हणतं. दर वर्षी त्या दिवशी शाळेसमोर त्याच्या फोटोला हार आणि दोन मिनिटं मौन. सगळे डोळे मिटायचे, मी नाही. पाचव्या वर्षी अक्कानं विचारलं, "शांताराम, तूच डोया काबर मिटस नही?"

मी सगळं सांगितलं. बोटासकट. ती उठून गेली आणि वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी मौन सुरू होताना ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"मिट डोया."

मी मिटले. पाठीला बोट टेकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी डोळे मिटून उभा होतो, सुपडूसाठी. मला रडू आलं. मग तिनं बोट काढलं.

मी धाडकन आडवा झालो. सरपंच धावले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं आणि माझ्याजवळ खाली बसली.

"मना सुपडू आसाच पडना का?"

"हो अक्का," मी म्हणालो. "असाच."