सुकेळीचं मूळ गाव

“मॅडम, परत उडवलं! गास गावचा कुणीतरी माझ्यावर टपून बसलाय.”

गिरीजचे वामनकाका फोनवर ओरडत होते. छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवणं हे माझं काम. काकांना सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, ऑनलाइन विकायची होती. वेबसाइट तयार होती. पण ‘सुकेळीचं मूळ गाव गिरीज’ हे वाक्य विकीवर टिकल्याशिवाय ती सुरू करायची नाही, हा त्यांचा हट्ट. विकी म्हणजे कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं असं ऑनलाइन पान. काका ‘गिरीज’ लिहायचे, कुणीतरी खोडून ‘गास’ करायचं. आमच्याकडे याला एडिट वॉर म्हणतात. त्यात शहाणं कुणीच नसतं.

शेवटी मी गिरीजला गेले.

“काका, पुरावा काय?”

“हा काय, माझा ब्लॉग!”

ब्लॉग म्हणजे आपलं स्वतःचं पान, मनाला येईल ते लिहायला मोकळं. त्यात होतं, ‘जाणकारांच्या मते सुकेळी मूळची गिरीजची.’

“जाणकार कोण?”

“मी.”

“तुम्हाला कुठून कळलं?”

“विकीवर असतं की! तो खोडेपर्यंत.”

मी कपाळाला हात लावला. काकांनी माझ्यासमोरच वाक्य पुन्हा टाकलं. माझा चहा संपायच्या आत ते गायब.

“बघा, शत्रू आत्ता ऑनलाइन आहे!”

“शत्रू ओट्यापाशी आहे,” आतून काकूंचा आवाज आला. एका हातात सोललेलं केळं आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन त्या बाहेर आल्या. “माझं माहेर गासचं. सुकेळी मला आईने शिकवली. लग्नाआधी तुमच्या घरात कुणी केळं वाळत घातलं होतं का?”

“अगं, पण...”

“पुन्हा गिरीज लिहा आणि सगळी केळी तुम्हीच सोला.”

काकांचा चेहरा पडला. काकूंशिवाय त्यांच्याकडे विकायला काहीच नव्हतं.

“काकू, गासला तरी पुरावा आहे का?” मी विचारलं.

“माझी आई.”

“घरात चालेल. विकीवर तिऱ्हाईताने छापलेलं काहीतरी लागतं.”

दोघांचीही वाक्यं मी काढायला लावली. मग वेबसाइटवर काकांनी स्वतःच टाइप केलं, ‘आमच्या सौ.च्या हातची सुकेळी. कृती गासच्या सासूबाईंची, केळी गिरीजच्या वाडीतली.’ काकूंनी ते वाचलं आणि काही खोडलं नाही. वेबसाइट त्याच दुपारी सुरू झाली.

आता कुणी क्लायंट विकीवरच्या शत्रूची तक्रार घेऊन आला की मी आधी विचारते, घरातलं वाय-फाय कोण कोण वापरतं?