फरशीवाले चाचा आणि घुशीचा अर्ज

मुंग्यांशी जन्मभर भांडून मुंग्यांचाच इतका मान ठेवणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, असे मला अजून वाटते. हे विधान जरा मोठे आहे आणि मोठी विधाने पुराव्याशिवाय करू नयेत असे कॉलेजात शिकवतात. पण आमच्या शेजारचे फरशीवाले चाचा ज्यांनी पाहिले आहेत ते माझ्याकडे पुरावा मागणार नाहीत. अमरावतीत आमच्या भिंतीला लागून त्यांचे घर. दगडी फरशी बसवणे हा त्यांचा धंदा. तरुणपणी बारा वर्षे ते जबलपूरकडच्या गवंड्यांत राहून आले होते, त्यामुळे चुन्याविषयी बोलताना ते उत्तरेकडची बोली बोलत, आणि बाकी सगळ्याविषयी आमच्यासारखीच.

चाचा कोणत्याही फरशीवर सरळ चालत नसत. हातात बाभळीची काठी असे, आणि प्रत्येक दगडावर एक ठोका देऊन, मान तिरपी करून ते क्षणभर ऐकत. दगड ‘टण’ बोलला तर पुढे जात. ‘ढब’ बोलला तर खाली बसत. कुणाच्या घरी मयताला गेले तरी आधी अंगणातली फरशी ठोकून मग रडायला बसत, असे माझी माय म्हणे. आमच्याकडे एकदा दिवाळीच्या फराळाला आले आणि लाडू हातात घेऊन ओसरी ठोकत ठोकत थेट कोपऱ्यात गेले. “भाभी, तुमचा हा दगड पोकळ बोलून राहिला. खाली कोनं तरी संसार मांडला.” मायनं हसण्यावारी नेले. आठ दिवसांनी तो दगड खचला, आणि खाली मुंगळ्यांनी वाहून नेलेली आमचे पसाभर तीळ निघाले, जे चोरल्याचा आळ माय वर्षभर माझ्या आत्यावर घेत होती. आत्या त्या दिवसापासून चाचांना पीर मानू लागली.

फरशीच्या सांध्यांतून मुंग्या माती उकरून वर आणतात, माती गेली की दगड डुगडुगतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. बाकीचे लोक त्यावर आधणाचे पाणी ओततात. चाचांना ते नुसते सांगितले तरी ते कानाला हात लावीत. “निजलेल्या घराले आग लावायची का? त्याइले फक्त उठवा, दुसरीकडं जायले सांगा.” त्यांचे सांगणे असे असे: आधी सांध्यात निंबोळीची पेंड, मग राख, वरून हळदीची रेघ, आणि मुंग्या निघून गेल्या की मग मुरूम ठोकून चुना. सगळे सांधे भरून झाले, की कोपऱ्यातला एकच सांधा मात्र ते मुद्दाम कोरा ठेवीत आणि तिथे चिमूटभर कणीक टाकीत. एका सावकाराने हे काम अर्धवट म्हणून हिणवले, तेव्हा चाचा म्हणाले, “सगळ्या वाटा बंद केल्या त ते तुमच्या गादीवरून जाईन. एक वाट त्याइची ठेवा, बाकीचं अंगन तुमचं.” माझ्या मायनं एकदा विचारलं, “चाचा, मुंग्या तुमच्या सोयऱ्या हायेत का?” “सोयऱ्या नाई भाभी, शेजारी. सोयऱ्याले हाकलता येते.”

त्या वर्षांत दूर अमेरिकेत लढाई सुरू झाली आणि आमच्या कापसाला न भूतो असा भाव आला. मोर्शीकडून, अकोल्याकडून गाड्यांची रांग लागे. कापूस काळ्या चिखलात उतरला तर मातीमोल होतो, म्हणून बाजाराचे सबंध आवार फरशीने मढवायचे ठरले, आणि ते काम चाचांना मिळाले. त्यांनी ते असे बसवले की एका कोपऱ्यात लोटा सांडला तर पाणी दुसऱ्या कोपऱ्यातल्या नालीतच जाई. गाडीवान बैल सोडता सोडता मुद्दाम पाणी ओतून पाहत. चाचा दूर उभे राहून, आपले लक्षच नाही असे दाखवत.

मी दिवाळीच्या सुटीत मुंबईहून घरी आलो तेव्हा चाचा काठीशिवाय दारात बसले होते. त्यांना मी काठीशिवाय कधीच पाहिले नव्हते. पावसाळ्यात आवाराचा एक कोपरा वीतभर खचला होता, आणि आवारातच खोली असलेल्या कचेरीच्या शिरस्तेदारांनी सांगितले होते की पंधरा दिवसांत फरशी पहिल्यासारखी झाली नाही, तर सगळी उखडून मुरूम टाकू. “मुंगी नोहे बाबू,” चाचा म्हणाले, “घूस हाये. मोठी. तिचं बीळ शिरस्तेदाराच्या खोलीखाली. तिथं सरकीची पोती ठेवली, ते खाते अन् माह्या फरशीखालून फिरते. मी वरून कितीबी भरलं त ती खालून रिकामं करते. खोलीचा एक दगड उचलू द्या म्हनलं, त तो म्हनते, सरकारी खोलीले हात लावशीन त कैद.” मग हात झटकून ते म्हणाले, “फरशी उखडली त लोक म्हनतीन, चाचाचं काम कच्चं. मंग मी कुठं काठी ठोकू?”

मी म्हणालो, आपण जिल्ह्याच्या इंग्रज साहेबाला अर्ज करू. आमच्या घराण्यात अर्ज लिहू शकणारा मी पहिलाच. तेव्हा मी तो फार मन लावून लिहिला. तीनदा कागद बदलला. गुरुजींनी शिकवले होते की वाक्य थोडे आणि नेमके असावे. अर्ज मला अजून पाठ आहे: “बाजाराच्या आवारात घूस फार माजली आहे. तिचे मूळ शिरस्तेदारांच्या खोलीत आहे. ती दिवसेंदिवस पुष्ट होत असून सरकारी कामाचा पाया पोखरीत आहे. हुजुरांनी परवानगी दिल्यास अर्जदार तिला सर्वांसमक्ष उघडी करून दाखवील.” चाचांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “एक अक्षर बदलू नको.”

साहेबाला मराठी येत नसे. त्याचे मुन्शी उत्तर हिंदुस्थानातून नवेच आलेले, अक्षर लावून वाचण्यापुरती मराठी शिकलेले. आम्ही वऱ्हाडी माणसे लाचेला लाच म्हणतो. मुन्शींच्या मुलखात तिला घूस म्हणतात, हे मला कुणी शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून स्वतः आला, बरोबर दोन शिपाई. आवारातले गाडीवान गोळा झाले. चाचा पहार आणि टोपली घेऊन हजर होते, मी त्यांच्या मागे. मुन्शींनी कठोर आवाजात विचारले, “घूस किधर है?”

“इथंच, हुजूर,” चाचा अदबीने म्हणाले. “शिरस्तेदार साहेबाच्या गादीखाली.”

“कब से?”

“पावसाळ्यापासून. पन आता लय फुगली.”

शिरस्तेदारांचा चेहरा चुन्यासारखा झाला. “हुजूर, एक तुपाचा डबा होता फक्त,” ते म्हणाले, “तोही त्या माणसाने आपखुशीने आणला. मी नको म्हणत होतो.”

मला काहीच कळेना. घुशीचा आणि तुपाचा संबंध मी मनात जुळवू लागलो. मुन्शी साहेबाला इंग्रजीत काही सांगू लागले, तेवढ्यात चाचांनी गादी बाजूला सारून पहार टेकवली आणि दगड उचलला. खालून मांजराएवढी घूस फुत्कारत निघाली, शिरस्तेदारांच्या पायांवरून गेली, मुन्शींच्या पायजम्याला धडकली आणि चाचांनी उलट्या धरलेल्या टोपलीत शिरली. चाचांनी टोपली जमिनीवर दाबली आणि तिच्यावर बसून सलाम केला. “हुजूर, हेच घूस.”

साहेब आधी टोपलीकडे, मग मुन्शींकडे पाहत राहिला, आणि मग इतका हसला की त्याचा घोडा दचकला. हसणे थांबल्यावर मात्र त्याला तुपाचा डबा आठवला. मुन्शींनी त्याचा प्रश्न सांगितला, तूप कसले? शिरस्तेदार भिंतीला टेकले.

“तूप मीच मांगलं होतं, हुजूर,” टोपलीवर बसल्या बसल्या चाचा म्हणाले. “घुशीले धरायचं त तुपाची रोटी लावा लागते. साध्या रोटीले ती येत नाई.”

मुन्शींनी ते सांगितले तसा साहेब पुन्हा हसून घोड्यावर बसला. त्या दिवसापासून शिरस्तेदार चाचांना ‘चाचासाहेब’ म्हणू लागले, आणि खोलीचेच काय, छपराचे दगड उचलायलाही त्यांची ना नव्हती. चाचांनी बिळात खापरांचा चुरा भरला, वर मुरूम, वर दगड. घूस त्यांनी नाल्यापलीकडे नेऊन सोडली आणि तिला बजावले की आता अकोल्याची वाट धर. पंधरा दिवस व्हायच्या आत कापसाच्या गाड्या त्या कोपऱ्यावरून गेल्या. एका गाडीवानाने लोटाभर पाणी ओतले. ते नालीतच गेले.

मुंबईला परत निघताना मी हळूच विचारले, “चाचा, तुम्ही जबलपूरला बारा वर्षे होता. घुशीचा तो दुसरा अर्थ तुम्हाला माहीत होता ना?”

“मी त फरशीवाला मानूस, बाबू,” ते म्हणाले. “अर्ज तुवा लिवला.”

पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस पुन्हा नुसता कापूस झाला. चाचा काम शोधत अकोल्याकडे गेले. कुणी म्हणे बाळापुरात आहेत, कुणी म्हणे लेकीकडे. पत्र लिहावे तर कुठे, आणि त्यांना ते वाचून कोण दाखवणार, या विचारात माझी दोन वर्षे गेली. गेल्या सुटीत अकोल्याला एका आवारात गाडीची वाट पाहत होतो. फरशी नवी होती, सांधे चुन्याने घट्ट भरलेले. फक्त कोपऱ्यातला एक सांधा कोरा होता, आणि मुंग्यांची एक रांग त्यातून शांतपणे आत-बाहेर करत होती. आसपास विचारले, पण काम करणारा म्हातारा कुठे गेला ते कुणाला सांगता आले नाही. माझ्या शिदोरीत भाकरी होती. तिचा एक तुकडा कुस्करून मी तिथे ठेवला. मग कुणी पाहत नाही असे पाहून छत्रीच्या टोकाने दगडावर एक ठोका दिला, मान तिरपी केली आणि ऐकत राहिलो.