अर्धा वाटा पावसाला, अर्धा सुलभाला

आवाज झाला तेव्हा मी भाताची पेज गाळत होते. मला वाटलं, भावजींनी पुन्हा टेबलावरून काहीतरी पाडलं. मी तिथूनच ओरडले, "मोडा, सगळंच मोडा!" मग माझ्या जावेची, सुलभाची, हाक आली. "अक्का गो, हे उठत नायत..." मी गेले तर वसंतभावजी जमिनीवर पडलेले, चष्मा कपाळावर, आणि वर टेबलावर तिन्ही संगणक चालूच. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

याला आता काही आठवडे झाले. पेणच्या घरी अजून लोक भेटायला येतात आणि म्हणतात, किती शांत माणूस! साफ खोटं. माझा हा धाकटा दीर एका जागी कधी बसला नाही. रोह्याच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. शिफ्ट करून आला की घरातला चांगला चाललेला पंखा खोलून बसायचा. निवृत्त झाल्यावर कंपनीने भंगारात काढलेले तीन संगणक टेम्पोत घालून घरी आणले. मला वाटलं, विकणार. तर नाही.

मोठमोठ्या अभ्यासांची आकडेमोड एका यंत्राला झेपत नाही. म्हणून जगभरातले लोक आपल्या घरचे संगणक इंटरनेटवरून त्या कामाला फुकट वापरू देतात. भावजींनी पावसाचं काम घेतलं, कुठे किती पडेल आणि पूर कसा येईल त्याचं. त्यांची मुलगी नागोठण्याला दिलेली, अंबा नदीच्या जवळ. दर पावसाळ्यात तिच्या ओट्याला पाणी लागतं. पुढे सुलभाच्या छातीत गाठ निघाली. तेव्हा भावजींनी कर्करोगाच्या औषधाचं कामही घेतलं आणि संगणकांचा वेळ वाटला. अर्धा पावसाला, अर्धा औषधाला. ते ऐकून सुलभाला बरं वाटलं. उपचाराला जाताना ती शेजारणींना सांगायची, "आमच्या घरी पण माझ्यावर काम चाललंय."

आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात. सुकी मासळी, मसाला, डाळ, लाकडं, सगळं आधीच घरात आणून ठेवायचं. भावजींनी संगणकांचीही आगोट भरली. पावसात इंटरनेट जातं, मग यंत्रं रिकामी बसतील, म्हणून मिळेल तेवढं काम आधीच उतरवून घेतलं. औषधाचं थोडंच मिळालं, पावसाचं ढीगभर. पण मासळीसारखं हे काम ठेवून चालत नाही, त्याला परत द्यायची मुदत असते. मुदत जवळ आली तशी यंत्रांनी ठरलेला वाटा बाजूला सारला आणि नुसतं पावसाचंच काम धरलं. औषधाचं थांबलं. आणि तेव्हाच सुलभाचे उपचार सगळ्यात जड चालले होते.

"आज माझं किती झालं?" इंजेक्शन घेऊन आली की ती विचारायची.

भावजी पडदा पुसायला लागले.

"बोला की."

"पावसाचं चाललंय. त्याला मुदत हाय."

"मला पण मुदत हाय."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेना. मी तिला म्हटलं, "त्या डब्यातून उद्या तुझी गोळी पडणार हाय काय? औषध निघालं तर तुझ्या नातीला मिळेल."

"ते मला कळतं, अक्का. पण सकाळी उठून हा माणूस कुणासाठी बसतो, तेवढंच मला बघायचं हाय."

भावजी उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे, पुसलेलंच पुन्हा पुसायचे. मला म्हणाले, "वैनी, घेतलेलं काम टाकलं तर ते दुसऱ्या कुणाकडे जाईल, पण उशिरा. काय करू?"

"मला काय विचारता? बायको तुमची."

"पोरगी पण माझीच हाय."

एका दुपारी त्यांनी सुलभाची खुर्ची ओढून संगणकासमोर आणली. तिच्या डोक्यावर केस राहिले नव्हते, रुमाल बांधलेला. पावसाच्या कामांचा सगळा ढीग त्यांनी तिला पडद्यावर दाखवला. "सगळा टाकतो. तू फक्त व्हय म्हण."

ती बघत राहिली. "टाकला तर पुराचं कळायला उशीर होईल?"

"माझ्या वाट्यापुरता. लय नाय."

"मग अर्धा टाका."

"अर्धाच?"

"अर्धंच ठरलं होतं ना? आणि पुढच्या वेळी हावरटासारखं भरून ठेवू नका."

भावजी हसले... तिच्यादेखत अर्धा ढीग टाकला आणि तिच्या शेजारी बसले. औषधाचं काम पुन्हा सुरू झालं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा माणूस सबंध दुपारभर एका जागी बसलेला मी तेव्हाच पाहिला.

उपचार संपले. नंतर भावजीच गेले.

मी सुलभाला म्हटलं, आता विकून टाक ती यंत्रं. ती ऐकत नाही. रोज सकाळी न्याहारी करून त्या खोलीत जाते, दोन्ही वाटे बघते, एक मागे पडला असेल तर दुसऱ्याला थोडं थांबवते. मला त्या खोलीत बसवत नाही. मी दारापर्यंत जाते, तिला बघते, परत येते. थोड्या वेळाने पुन्हा जाते.

परवा तिला तपासणीला नेलं. गाठ नाही. केस कानापर्यंत आलेत. आजारी ती होती, गेले भावजी. सुलभा वाचली.